छोटं आउटबोर्ड इंजिन ट्रेलरवर नेताना वर ठेवायचं की खाली, आणि बांधायचं नेमकं कशाला

दादा, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. १४ फुटी फायबरची बोट, मागच्या फळीला बाहेरनं क्लॅम्पनं पकडलेलं १५ एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन, एका धुरीचा ट्रेलर, सांगलीतनं निघून साताऱ्यावरनं कोयनेच्या जलाशयाकाठी बामणोलीला न्यायची. स्पीडब्रेकरला इंजिनाच्या पंख्याखालचं पातं घासतं म्हणून तुम्ही इंजिन वर उचलून त्याच्याच लिव्हरवर टेकवून नेता, आणि मागच्या खेपेला पोचल्यावर बघितलं तर लिव्हर वाकलेलं आणि क्लॅम्पचे स्क्रू सैल झालेले. आता विचारताय की दोरीनं आवळलं तर भागंल का.

नुसत्या दोरीनं नाही भागणार. ते जे लिव्हर आहे, टिल्ट सपोर्ट म्हणतात ते, ते बोट काठाला लावली की पंखा पाण्याबाहेर राहावा, उथळ पाण्यात घासू नये, एवढ्यासाठी दिलेलं असतं. यामाहा, मर्क्युरी सगळ्यांच्या पुस्तकात लिहिलेलं आहे की ट्रेलरवर नेताना ह्याच्या भरवशावर राहू नका, पण पुस्तक डब्यातच राहतं आणि डबा माळ्यावर.

का नको ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळंल. इंजिन खाली असताना त्याचा भार दोन ठिकाणी वाटला जातो, वर बिजागरीच्या दांड्यावर आणि खाली ब्रॅकेटमधल्या आडव्या पिनवर, तीच ती अँगल कमीजास्त करायची पिन. ही पिन बिजागरीपासनं चांगली वीतभर खाली असते, म्हणून तिच्यावर जोर कमी येतो आणि तो फळीच्या रुंद भागावर पसरतो. इंजिन वर केलं की ती पिन कामातनं गेली. आता सगळं त्या लिव्हरवर, आणि ते टेकतं बिजागरीपासनं तीनचार बोटांवर. तेवढंच वजन पेलायला त्याला कितीतरी पट जोर लावावा लागतो. उभ्या बोटीत ते पेलतं, रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला तेच वजन दुप्पट तिप्पट होऊन आदळतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ते लिव्हर इंजिनाला फक्त खालून धरतं, वरनं काहीच धरत नाही. तुम्ही इंजिन खाली घेताना काय करता, आधी जरा वर उचलता, मग लिव्हर मोकळं होतं, मग खाली सोडता. बऱ्याच छोट्या इंजिनांत तर थोडं वर उचललं की ते स्प्रिंगनं आपणहून सुटतं. मग स्पीडब्रेकरला ट्रेलर उसळला की नेमकं तेच होतं, इंजिन जरा वर उचललं जातं, लिव्हर निसटतं किंवा अर्धवट तिरकं बसतं, आणि ४० किलो खाली येऊन आपटतं. तुमचं वाकलेलं लिव्हर असंच अर्धवट सापडलेलं असणार. ते सरळ करून परत वापरू नका, असा भाग एकदा वाकला की त्यात डोळ्याला न दिसणारी चीर असू शकते, नवीन टाका.

एक ऐकीव गोष्ट इथंच खोडतो. बरेच जण सांगतात की इंजिन वर केलं की वजन मागं जातं आणि फळी तुटते. लेग, म्हणजे पंख्यापर्यंत जाणारा इंजिनाचा खालचा लांब भाग, तो मागं जातो हे खरं पण वरचं डोकं, म्हणजे खरं वजन, ते उलट बोटीच्या आत पुढं झुकतं. वजन मागं जाणं हा मुद्दाच नाही, मुद्दा आधार कुठं मिळतो आणि इंजिनाला उसळायला जागा किती राहते हा आहे. ज्याला हलायला जागा नाही ते मोडत नाही.

म्हणून पहिली पसंती, इंजिन खालीच ठेवून न्यायचं, पाण्यात चालवताना असतं तसं उभं. ह्यासाठी रस्त्यापासनं उंची पुरते का ते मोजा, अंदाज नको. बोट ट्रेलरवर पूर्ण लादलेली, टाकी आणि सामान आत, ट्रेलर गाडीला जोडलेला, आणि मग पंख्याखालच्या पात्याच्या टोकापासनं जमिनीपर्यंत टेप लावा. समजा २५ सेंटिमीटर आलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. तो गेला वजा. पाट्यांच्या स्प्रिंग पाचसहा सेंटिमीटर दबतात, तेही वजा. राहिले नऊ दहा. कागदावर जमतंय. पण आपल्याकडं गावागावात लोकांनी स्वतः घातलेले जे स्पीडब्रेकर आहेत त्यांना माप कसलं, वीतभर उंच आणि हातभर रुंद, त्यात इंजिन धुरीच्या मागं चार पाच फुटांवर लोंबतंय, चाक उतरून खाली गेलेलं असतं तेव्हा पातं बरोबर उंचवट्याच्या डोक्यावर येतं. म्हणून मी स्वच्छ एक फूट जागा असल्याशिवाय खाली ठेवून न्या म्हणत नाही. पेट्रोल पंपावर चढतानाचा उतारही असाच फसवतो, तिथं तिरकं चढा.

इथं एक तपासून घ्या, तुमचं इंजिन शॉर्ट शाफ्ट आहे की लाँग. शॉर्टला बोटीची फळी १५ इंच लागते, लाँगला २०. जुनं घेतलेलं इंजिन बऱ्याचदा लाँग निघतं आणि बोट १५ इंचाची, मग ते पाच इंच उगाच खाली लोंबतं. पंख्याच्या वरची जी आडवी प्लेट असते ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली पाहिजे. तीनचार इंच खाली दिसली तर घासण्याचं कारण तिथंच सापडलं, आणि पाण्यातही बोट जड चालत असणार.

खाली ठेवून न्यायचं ठरलं तर उसळणं बंद करायचं. इंजिनाला रिव्हर्सचं लॉक असतं, रिव्हर्स टाकल्यावर इंजिन वर उचललं जाऊ नये म्हणून. काही मॉडेलला बाजूला वेगळं लिव्हर असतं, काहींचं गिअरशी जोडलेलं असतं. तुमचं कुठलं ते हातानं तपासा, लॉक लावा आणि खालनं लेग धरून मागं ओढा, वर येत नसेल तर लागलं. गिअरशी जोडलेलं असेल तर ट्रेलरवर रिव्हर्समध्ये ठेवा, वेगळं लिव्हर असेल तर ते लॉक करून फॉरवर्डमध्ये, म्हणजे पंखाही वाऱ्यानं गरगरत बसत नाही. आणि किल स्विचची, म्हणजे इंजिन बंद पाडायच्या बटणाची, लाल दोरी काढून खिशात टाका, गिअरमध्ये आहे हे विसरून कोणतरी चालू करायची दोरी ओढतं. हे लॉकही तासन्‌तास आपटून घ्यायला बनवलेलं नाही, म्हणून लेगाभोवती एक पट्टा घेऊन बोटीच्या मागच्या दोन कड्यांना ओढून धरा.

आता तुमच्या रस्त्याला खाली ठेवून जमणार नाही असं मला वाटतं. सांगली-पेठ रस्त्याबद्दल मी काय सांगायचं, तुम्ही रोजचे. हायवे लागला की बरं, पण साताऱ्यापासनं पुढं यवतेश्वरचा घाट, मग कास, आणि बामणोलीपर्यंतचा तो वळणावळणाचा उतार, साताऱ्यापासनं सगळं मिळून साधारण ३५ किलोमीटर. तिथं अंगावर येणाऱ्या वळणाला गाडी वळते आणि ट्रेलरची मागची बाजू रस्त्याच्या कडेच्या मातीवरनं जाते, पातं दगडाला लागलं तर गिअरकेस, म्हणजे लेगाच्या खालची गिअरची पेटीच फुटते. मग इंजिन वर करावंच लागंल, पण लिव्हरवर नाही, सपोर्टवर.

सपोर्ट म्हणजे ट्रेलरच्या मागच्या आडव्या पाइपापासनं इंजिनाच्या लेगापर्यंत जाणारा दांडा. विकत मिळतो, पण आपल्या एमआयडीसीत कुठल्याही वेल्डिंगवाल्याकडं अर्ध्या दिवसात होतो. दीड इंची जीआय पाइप, त्यात सरकणारा दुसरा पाइप, दोन्हीला भोकं आणि आरपार पिन म्हणजे लांबी कमीजास्त करता येते. खालच्या टोकाला यू आकाराचं कान, ते ट्रेलरच्या पाइपावर बसून पिननं अडकलं पाहिजे, नुसतं टेकवायचं नाही. वरच्या टोकाला व्ही आकाराचं खोबण, त्यात जुन्या टायरचा जाड तुकडा बोल्ट करून. हे खोबण लेगाच्या पुढच्या कडेला बसवायचं, आडव्या प्लेटच्या खाली आणि गिअरच्या फुगीर भागाच्या वर, जिथं लेग बारीक होतो तिथं. पात्यावर टेकवायचं नाही, पंख्यावर तर अजिबात नाही, आणि बाजूला पाणी ओढायची जाळी असते तिच्यावरही नाही.

लावायचा क्रम महत्त्वाचा. इंजिन गरजेपेक्षा थोडं जास्त वर करा, दांडा बसवा, मग इंजिन हळू खाली सोडा, सगळा भार दांड्यावर आला पाहिजे आणि इंजिनाचं स्वतःचं लिव्हर मोकळं, आत घेतलेलं. भार लिव्हरवरच राहिला तर दांडा नुसता शोभेला. मग लेगाभोवती रॅचेट पट्टा, म्हणजे खटक्यानं आवळायचा पट्टा, टाकून दांड्याच्या बाजूला खाली ओढून घ्या. आणि पूर्ण वर करायची काही गरज नाही, फूट दीड फूट जागा झाली की थांबा.

आता ह्या सगळ्यात लोक जे चुकवतात ते सांगतो आणि हे नीट वाचा. दांडा ट्रेलरला बांधलेला, इंजिन बोटीला बांधलेलं. मग बोटच ट्रेलरवर मोकळी असली तर? पुढं विंचचा, म्हणजे बोट ट्रेलरवर ओढायच्या चरकाचा, पट्टा असतो म्हणून लोक निर्धास्त, पण मागनं बोट ट्रेलरला बांधलेलीच नसते. खड्ड्यात बोटीची मागची बाजू चार बोटं उचलली जाते आणि परत बसते, आणि त्या प्रत्येक वेळी दांडा खालनं गिअरकेसला टोला देतो. असा दांडा लावण्यापेक्षा न लावलेला बरा. आधी बोटीच्या मागच्या दोन्ही कड्यांपासनं ट्रेलरच्या चेसिसला दोन पट्टे, घट्ट, इतके की मागनं बोट हलवली तर ट्रेलरच्या स्प्रिंग हलल्या पाहिजेत. मगच दांडा.

ट्रेलर रोलरवाला असेल, बोट मागंपुढं थोडी सरकतेच असं असेल, तर दांड्यापेक्षा ठोकळा बरा. इंजिन वर केलं की बोटीला पकडलेलं ब्रॅकेट आणि फिरणारं ब्रॅकेट ह्यांच्यात एक फट पडते, त्या फटीच्या मापाचा लाकडी ठोकळा करून त्यात बसवायचा आणि इंजिन त्याच्यावर सोडायचं. लाकूड बाभळीचं घ्या, सुताराकडं तुकडा पडलेला असतोच. प्लाय नको, दाबानं त्याचे पदर सुटतात. ठोकळ्याला एक भोक पाडून दोरीनं ब्रॅकेटला बांधून ठेवा, नाहीतर पहिल्याच फेरीत हरवतो. वरनं लेगाला पट्टा पाहिजेच, पट्टा नसला तर ठोकळा उसळीत निघून पडतो आणि परत तुम्ही होता तिथंच. १५ एचपीपर्यंतच्या हातानं उचलायच्या इंजिनाला मला स्वतःला ही पद्धत आवडते, खर्च काही नाही आणि बिघडायला काही नाही.

दोरीचं विचारलं होतंत. नायलॉनची दोरी ताणते, आणि ओली झाली की अजून. घरनं कितीही आवळून बांधा, कराड येईस्तोवर सैल. पॉलिस्टरचा २५ मिलिमीटरचा रॅचेट पट्टा घ्या, आणि बांधताना मधे एक पीळ द्या, सपाट पट्टा वाऱ्यात फडफडून भणभण करतो आणि त्या थरथरीनं रॅचेट ढिलं होतं, पीळ दिला की गप्प. पट्टा वरच्या फायबरच्या टोपीवरनं किंवा हँडलवरनं कधी घेऊ नका, टोपीची खिट्टी तुटते आणि हँडल तर मोडतंच. इंजिन सरळ ठेवून स्टिअरिंगचा घर्षणाचा स्क्रू आवळा, हँडल वेगळ्या छोट्या दोरीनं बोटीला धरा म्हणजे लेग डावीउजवीकडं झोकांड्या खाणार नाही.

क्लॅम्पचे स्क्रू सैल झाले ते थरथरीनंच. हातानं आवळायचे, पूर्ण जोर लावून, पण पाइप घालून किंवा हातोडीनं ठोकून नाही, त्यानं आतलं लाकूड चेपतं आणि चेपलं की परत सैल. तुमच्या १५ एचपीला नुसते क्लॅम्प पुरत नाहीत, ब्रॅकेटला बोल्टसाठी भोकं दिलेली असतात, त्यातनं स्टीलचे बोल्ट आरपार घालून आतनं मोठे वायसर आणि नायलॉक नट. भोकात सिलिकॉन भरा, नाहीतर पाणी शिरून फळीतलं लाकूड कुजतं. तुमची फळी आधीच कुजलीय का हेही बघून घ्या, पान्याच्या दांड्यानं ठोकत जा, टणटण आवाज यायला पाहिजे, कुठं भद्द आवाज आला तर तिथं आत ओल आहे. इंजिन उभं असताना खालनं पात्याला धरून हलवा आणि फळीकडं बघा, फळी वाकताना दिसली तर ट्रेलरचं नंतर, आधी फळीचं काम. आणि ह्या सगळ्यावर एक साखळी, इंजिनाच्या कानातनं बोटीच्या कड्याला, ढिली. सगळं सुटलं तर इंजिन रस्त्यावर मागच्याच्या अंगावर जाऊ नये म्हणून.

पेट्रोलचं थोडक्यात. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद, आणि नळी इंजिनापासनं काढूनच ठेवा. एप्रिलच्या उन्हात टाकी फुगते, आतला दाब नळीतनं पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत ढकलतो आणि ते सुईवरनं ओघळून टोपीखाली साचतं. पोचल्यावर चालू करायला पहिल्यांदा दोरी ओढताना ते साचलेलं तुम्हाला कशाला हवंय.

पाण्यातनं काढल्यावर लगेच वर करू नका. काही मिनिटं उभं ठेवा, थंड करायचं पाणी आत असतं ते खालनं पूर्ण निथळू द्या, मग वर. गाळाचं पाणी असेल तर त्याआधी स्वच्छ पाण्यानं फ्लश. कृष्णेच्या पुराच्या पाण्यात चालवलेलं इंजिन तसंच ठेवलं तर पंपाचं रबर आतनं घासून जातं, हे पुरात काम केलेल्या प्रत्येक पोराला माहीत आहे.

आता खरं सांगू का, ४० किलोच्या आतलं इंजिन असेल तर काढूनच न्यावं असं माझं मत. दोन माणसं आणि पाच मिनिटं. पण तुम्ही बोल्ट मारले की दर खेपेला ते खोलायचे, हा कंटाळा येतो हेही खरं, म्हणून वरचं सगळं सांगितलं. काढून नेलंत तर पिकअपमध्ये फळीचा स्टँड करून उभंच ठेवा. आडवं टाकायची वेळ आलीच तर आधी पाणी निथळू द्या आणि वरचं डोकं लेगापेक्षा कायम उंच पाहिजे, नाहीतर लेगातलं पाणी उलटं सिलिंडरमध्ये जातं. फोर-स्ट्रोकला ह्याहून काळजी, कुठल्या कुशीवर झोपवायचं ते कंपनीनं सांगितलेलं असतं, दुसऱ्या कुशीवर टाकलं की ऑइल वर चढतं. इंजिन बोटीवरनं गाडीत गेलं की ट्रेलरचा तोलही बदलतो. हुकवर एकूण वजनाच्या सात ते दहा टक्के भार पाहिजे. इंजिन बोटीवरच असलं आणि बोट, इंजिन, ट्रेलर मिळून ४०० किलो असंल तर २८ ते ४० किलो. मागं इंजिन आणि मागंच भरलेली टाकी असली की हुक हलका होतो आणि हायवेला ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. टाकी पुढं सरकवा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

हवा भरायच्या रबरी बोटींचं मात्र मत वगैरे काही नाही, त्यांचं इंजिन काढायचंच. त्यांची फळी नळ्यांना चिकटवलेली असते, रस्त्याच्या हादऱ्यांनी ते चिकटवणच उकलतं. पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की सगळ्यांची धावपळ सुरू होते, तशा घाईत पण इंजिन वेगळं आणि बोट वेगळी असंच टेम्पोत चढवा, भिलवडीला पोचून फळी सुटलेली बोट काय कामाची.

मागं लाल कापड आणि रात्री लाल दिवा लेगाच्या टोकाला बांधा, वर केलेला लेग ट्रेलरच्या दिव्यांच्या मागं तीन फूट बाहेर आलेला असतो आणि अंधारात मागच्या मोटरसायकलवाल्याला तो दिसत नाही. पंख्यावर जुनी प्लास्टिकची बादली उपडी बांधली तरी चालते. निघाल्यावर पंधरा वीस किलोमीटरवर एकदा थांबून सगळे पट्टे हातानं बघा, सुरुवातीला बोट ट्रेलरवर जरा बसते आणि पट्टे ढिले होतातच. दुसऱ्यांदा साताऱ्यात, घाट चढायच्या आधी.

आणि बामणोलीला उतारावर बोट पाण्यात सोडायच्या आधी, म्हणजे वर सपाटीवरच, मागचे पट्टे आणि दांडा काढून घ्या, पण विंचचा पट्टा शेवटपर्यंत ठेवा. दांडा तसाच राहिला आणि बोट तरंगायला लागली की तो लेगात अडकून वाकतो. तुमच्या ट्रेलरच्या मागच्या पाइपापासनं लेगाच्या त्या बारीक भागापर्यंतचं अंतर इंजिन वर करून मोजा आणि मला कळवा, पाइप किती लांबीचे कापायचे आणि भोकं कुठं पाडायची ते सांगतो.